डफल कोट कुणाचा?

कोरियात या कोटाला 'तोकपोक्की कोट' म्हणतात. के-ड्रामा बघणाऱ्यांना तोकपोक्की काय ते सांगायला नको. लालभडक तिखट रश्शात घोळवलेले तांदळाचे लांबट, गुळगुळीत तुकडे. डफल कोटाच्या छातीवर जी तीन-चार लांबट बटणं आडवी बसवलेली असतात, ती अगदी तशीच दिसतात. म्हणून ते नाव. इटलीत याच कोटाला 'माँटगोमेरी' म्हणतात, एका ब्रिटिश सेनापतीवरून. इंग्रजीत तो 'डफल', बेल्जियममधल्या एका गावावरून. यांतलं कोरियन नाव मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. ज्यानं कुणी ते ठेवलं, त्यानं कोटाकडे नीट बघून ठेवलं. बाकीच्या दोन नावांत कोटापेक्षा गोष्ट जास्त आहे. आणि कोट विकले जातात ते गोष्टींवरच.

मी दोन हिवाळे लीड्समध्ये काढले आहेत. पुण्यातल्या डिसेंबरात स्वेटर आणि फार तर आजोबांची माकडटोपी एवढ्यावर भागलेल्या माणसाला कोट म्हणजे काय हे इथे येऊन शिकावं लागतं. थंडीशी आपली लहानपणापासूनची ओळख नसते, त्यामुळे दुकानात कोट बघताना आपण आधी रंग बघतो, मग फोटोत कसा दिसेल ते बघतो, आणि तिसऱ्या आठवड्यात बसस्टॉपवर उभं राहिलं की कळतं की कॉलर नावाची गोष्ट शोभेसाठी नसते. डफल कोटाबद्दल लिहावंसं वाटलं ते यामुळे. हा असा एक कोट आहे की ज्याचा प्रत्येक भाग कशासाठी आहे हे अंगात घातल्यावर आपोआप समजतं. आणि तरीही आज तो ज्या रूपात विकला जातो, त्यात ते समजण्याची सोयच काढून टाकलेली असते.

आधी वस्तू बघू. कापड जाड, रांगडं, दोन्ही बाजूंनी घट्ट विणलेलं लोकरीचं. ज्यांनी कधी घोंगडी अंगावर घेतली आहे त्यांना हे कापड लगेच ओळखीचं वाटेल. टोचतं, वजन खांद्यांना जाणवतं, भिजलं की मेंढीचा वास येतो, पण भिजूनसुद्धा ऊब सोडत नाही. खांद्यांवर कापडाचा आणखी एक थर शिवलेला असतो, कारण पाणी सगळ्यांत आधी तिथे पडतं. खिसे बाहेरून ठिगळासारखे लावलेले आणि ऐसपैस, म्हणजे हातमोज्यासकट हात आत जातो. गळ्यापाशी एक छोटा पट्टा, वारा आत शिरू नये म्हणून. लांबी गुडघ्याच्या आसपास, त्यामुळे शिडी चढता येते. कंबर नाहीच. कोट सरळ खाली येतो, पोत्यासारखा.

मग ती टोपी. हूड. डफल कोटाचं हूड आजच्या हूडीच्या मानानं अवाढव्य असतं. नौदलातली कडक, पुढे चोच असलेली टोपी डोक्यावर असताना तिच्यावरून हे हूड ओढून घेता यावं असा त्याचा बेत आहे. म्हणजे ही टोपीची टोपी. आणि बटणं. साधं बटण लावायचं तर अंगठा आणि तर्जनीची चिमूट लागते, भोक शोधावं लागतं. थंडीनं बधिर झालेल्या बोटांना ते जमत नाही. डफलचं टॉगल म्हणजे आपली खुंटी. लाकडाचा हातभर नाही, पण बोटभर तुकडा, मध्ये खाच, समोर दोरीचा फास. जाड मोजा घातलेल्या हातानं, अंधारात, न बघता ते लावता येतं आणि काढता येतं. वॉलरसच्या सुळ्यांसारखा आकार आहे म्हणून इंग्रजीत त्यांना तसंच नाव पडलं. सुळे काय किंवा तोकपोक्की काय, बघणाऱ्याच्या ताटात जे असेल ते.

याच्या शेजारी ट्रेंच कोट ठेवून बघा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी स्वतःच्या पैशानं तो शिवून घेत. त्याच्या खांद्यांवर हुद्द्याची चिन्हं अडकवायला पट्ट्या आहेत, कमरेला पट्टा आहे, पट्ट्याला कड्या आहेत. तो घातला की माणूस कुणीतरी होतो. डफल कोटावर हुद्दा लावायला जागाच नाही. हूड वर घेतलं की आत कप्तान आहे की डेक पुसणारा पोरगा, हे चार हातांवरून सांगता येत नाही. शिवाय नौदलात हे कोट बहुतेक वेळा माणसाच्या नावावर नसत, जहाजाचे असत. पहाऱ्यावर जो जाईल त्यानं चढवायचा, पाळी संपली की पुढच्याला द्यायचा. म्हणून ते मापाचे नव्हते. सगळ्यांना होईल एवढे मोठे होते. माझ्या मते या कोटाचं जे काही देखणेपण आहे ते इथून येतं. तो कुणाच्याच मापाचा नाही, म्हणून कुणालाही शोभतो.

नावाची गोष्ट पटकन उरकतो. डफल हे अँटवर्पजवळचं गाव. तिथे पूर्वी जाड, भरड लोकरीचं कापड विणलं जाई आणि त्याचा व्यापार युरोपभर होता. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींशी झालेल्या व्यापारातही 'डफल' नावाचं कापड होतं. पुढे नाव कापडाच्या जातीला चिकटलं. आपण जिमला जाताना खांद्याला जी डफल बॅग लावतो तीही त्याच गावची लेक, फक्त आता ती नायलॉनची झाली आहे. पण ब्रिटिश नौदलानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जो कोट वापरला तो ब्रिटिश कापडाचा होता. कोटाच्या हूडाचं आणि खुंट्यांचं नातं काही जण जुन्या पोलिश फ्रॉक कोटाशी जोडतात. म्हणजे नाव बेल्जियमचं, आजोबा कदाचित पोलिश, कापड ब्रिटिश. एवढं असूनही महागडे ब्रँड आपल्या पानावर 'अस्सल वारसा' असं लिहितात तेव्हा मला हसू येतं. वारसा आहेच, पण तो सरमिसळीचा आहे. कपड्यांच्या बाबतीत अस्सल हा शब्द बहुतेक वेळा किंमत वाढवायला वापरतात.

या कोटाला चेहरा दिला तो दुसऱ्या महायुद्धानं. १९४१ पासून ब्रिटनमधून सोव्हिएत रशियाच्या मुर्मान्स्क आणि अर्खांगेल्स्क बंदरांकडे मालवाहू जहाजांचे तांडे जात. त्यांच्या रक्षणाला लहान लढाऊ जहाजं असत, आणि त्यांतल्या बऱ्याच जहाजांवर कप्तानाची उभं राहण्याची जागा उघडी असे. वर आभाळ, समोरून येणारं पाणी, आणि ते पाणी पडल्या पडल्या गोठतंय. १९५३ चा 'द क्रूएल सी' हा सिनेमा बघा. त्यात जॅक हॉकिन्सनं एका छोट्या जहाजाच्या कप्तानाचं काम केलंय. पाण्यात आपलीच बुडालेली माणसं पोहत असताना त्यांच्याखाली शत्रूची पाणबुडी असेल या हिशेबानं तो बॉम्ब टाकायचा हुकूम देतो. एरवी ब्रिटिश युद्धपट फारच ताठ मानेचे असतात. इथे हा माणूस रडतो. त्या सिनेमानंतर डफल कोट म्हणजे थकलेला, जागा असलेला, नाइलाजानं क्रूर झालेला सभ्य माणूस असं एक चित्र तयार झालं. त्याआधी १९४९ च्या 'द थर्ड मॅन'मध्ये ट्रेव्हर हॉवर्डचा मेजर कॅलोवे युद्धानंतरच्या व्हिएन्नात याच कोटात फिरतो. तिथेही तोच भाव आहे: युद्ध जिंकलंय पण आनंद कुणाला झालेला नाही.

या चित्रात एक माणूस कधीच दिसत नाही, आणि तो आपल्याकडचा आहे. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर त्या काळात हजारोंच्या संख्येनं भारतीय खलाशी होते. इंग्रज त्यांना लास्कर म्हणत. सिल्हेटचे होते, पंजाबचे होते, आणि मुंबई बंदरातून चढणारे रत्नागिरीचे कोकणी होते. जहाजांच्या भटारखान्यात आणि जेवणघरात गोव्याची माणसं. गोऱ्या खलाशाच्या मानानं त्यांचा पगार फारच कमी असे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच त्यांनी ठिकठिकाणी संप केले आणि त्यातले कित्येक तुरुंगात गेले. हजारो बुडाले. मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या सदनात त्यांचं स्मारक आहे, आपल्यातले किती जण तिथे गेले असतील देव जाणे. मी तरी त्या रस्त्यानं शेकडो वेळा लोकल पकडायला गेलेला माणूस आहे. डफल कोट हा शाही नौदलाचा सरकारी कोट, व्यापारी जहाजावरच्या लास्कराचा नव्हे. 'सगळ्यांचा कोट' असं मी वर म्हटलं ते त्या जहाजाच्या कठड्याच्या आतल्या सगळ्यांपुरतं खरं आहे. हे विसरून या कोटाला समतेचा झेंडा करण्याचा मोह मला होतो, इथल्या डाव्या मित्रांना तर फारच होतो.

माँटगोमेरीचं प्रकरण वेगळं. बर्नार्ड माँटगोमेरी हा भूदलाचा सेनापती, खलाशी नव्हे. पण त्याला कळलं होतं की छायाचित्रांच्या युगात सेनापतीला पोशाख नाही, वेश लागतो. तो रणगाडेवाल्यांची बेरे टोपी घाली आणि तिच्यावर एकाऐवजी दोन बिल्ले लावी. गणवेशाऐवजी स्वेटर घाली. डफल कोट त्यातच आला. साध्या शिपायाचा कोट सेनापतीनं घातला की तो साधा राहत नाही. आपल्याकडच्या नेत्यांना हे सांगायला नको, जाड्याभरड्या खादीचा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण म्हणून मी माँटगोमेरीला ढोंगी म्हणणार नाही. वाळवंटातल्या आणि उत्तर युरोपातल्या रात्री थंड असतात, आणि कोट उबदार आहे. वेश आणि गरज एकाच वेळी खऱ्या असू शकतात. इटालियन लोकांनी मात्र त्याचं नाव कोटाला दिलं आणि खलाशी त्यातून गळाला.

मग युद्ध संपलं आणि सरकारी गोदामांत कोटांचे ढीग उरले. डफल कोटाच्या इतिहासातला मला सगळ्यांत आवडणारा भाग हा. त्यात कुणीही डिझायनर नाही. हॅरल्ड आणि फ्रीडा मॉरिस हे जोडपं कामगारांचे हातमोजे आणि ओव्हरऑल विकायचं. त्यांच्याकडे सरकारी उरलेसुरले डफल कोट विकायला आले आणि ते हातोहात खपले. ग्लव्ह आणि ओव्हरऑल जोडून १९५१ मध्ये 'ग्लोव्हरऑल' ही कंपनी उभी राहिली. स्वस्त, टिकाऊ, रेशनिंगमधून बाहेर पडणाऱ्या देशातल्या विद्यार्थ्यांना परवडणारा कोट. आपल्याकडे कॉलेजच्या पोरांनी जुन्या बाजारातून मिलिटरीचे बूट आणि जाकिटं आणावीत तसंच ते होतं. बापानं जो कोट हुकूम म्हणून घातला तो पोरानं हौस म्हणून घातला. यात बंड वगैरे काही नव्हतं सुरुवातीला, स्वस्ताई होती. पुष्कळ बंडांची सुरुवात स्वस्ताईत असते.

सरकारी साठा संपत आला तेव्हा, १९५४ मध्ये, ग्लोव्हरऑलनं स्वतःचा कोट काढला. लाकडाच्या जागी शिंगाच्या खुंट्या, दोरीच्या जागी चामड्याचे फास, आतल्या बाजूला चौकड्यांचं कापड, आणि अंगाला जरा जवळ येणारी शिवण. आज आपण 'क्लासिक' म्हणून जो ओळखतो तो हा. उत्तम कोट आहे, उगाच नाक मुरडणार नाही. शिंग दिसायला लाकडापेक्षा सुंदर आहे. पण दोरी जाऊन चामडं आलं त्या क्षणी काहीतरी बदललं. दोरी तुटली तर खलाशी स्वतः दुसरी ओवतो. चामडं तुटलं तर दुकानात जावं लागतं.

आता १९५८. या एका वर्षात डफल कोटाच्या वाट्याला जे आलं ते दुसऱ्या कुठल्या कपड्याच्या वाट्याला क्वचितच आलं असेल.

एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुट्टीत, लंडनच्या ट्रफाल्गर चौकातून हजारो माणसं ऑल्डरमास्टनला चालत निघाली. ५२ मैल, चार दिवस. ऑल्डरमास्टनला ब्रिटनचं अण्वस्त्र संशोधन केंद्र होतं. त्या वर्षीचा ईस्टर कडक थंडीचा आणि ओला होता. जेरल्ड हॉल्टमनं काढलेलं शांततेचं चिन्ह, वर्तुळात तीन पाय फाकलेली काठी, जे आता टी-शर्टवर आणि मोबाइलच्या कव्हरवर असतं, ते पहिल्यांदा याच मोर्चात लोकांसमोर आलं. आणि मोर्चाची छायाचित्रं बघा: डफल, डफल, डफल. त्यानंतर वर्षानुवर्षं ब्रिटिश वर्तमानपत्रांत 'डफल कोटवाले' म्हणजे अण्वस्त्रविरोधी, दाढीवाले, गिटारवाले, पुस्तकी डावे असा अर्थ झाला. चेष्टेचाच सूर असे. पण मला त्या निवडीत चेष्टा करण्यासारखं काही दिसत नाही. कोणी ठरवून ती केली नव्हती, चार दिवस पावसात चालायचं तर हाच कोट अंगात हवा. युद्धाच्या कोटात बसून युद्धाला नाही म्हणणं हे कुठल्याही घोषणेपेक्षा जास्त बोलकं होतं. आणि त्यांतल्या काहींनी तर तोच कोट आधी जहाजावर घातलेला असणार.

ऑक्टोबरमध्ये मायकेल बाँडचं पॅडिंग्टन अस्वलाचं पहिलं पुस्तक आलं, पेगी फॉर्टनमच्या शाईच्या चित्रांसह. ही गोष्ट सिनेमामुळे तुम्हाला ठाऊक असेल. पेरूहून एक अस्वल जहाजाच्या जीवरक्षक होडीत लपून, मुरंबा खात इंग्लंडला पोचतं. अंगावर फक्त एक टोपी, हातात सूटकेस, गळ्यात लेबल: याची काळजी घ्या अशा अर्थाचं. ब्राउन कुटुंब त्याला पॅडिंग्टन स्टेशनवर बघतं, घरी नेतं, आणि मग दुकानात नेऊन त्याला डफल कोट घेऊन देतं. निळा, लाल अस्तराचा. युद्धकाळात लंडनमधून गावोगाव पाठवलेली लहान मुलं गळ्यात लेबल घालून स्टेशनांवर उभी असत, बाँडच्या मनात ती होती. निर्वासित होते. गोष्टीतले ग्रूबरकाका हंगेरीहून आलेले आहेत, आणि बाँडचा स्वतःचा एजंट जर्मनीतून पळून आलेला होता.

पॅडिंग्टन कोट घालून येत नाही. कोट त्याला दिला जातो. लंडनच्या त्या स्टेशनवर मार्कस कॉर्निशनं घडवलेला त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. तो नुकताच आलाय, सूटकेसवर बसलाय, आणि त्याच्या अंगावर कोट नाही. पर्यटक बऱ्याचदा गोंधळतात, 'कोट कुठाय?' म्हणून. कोट पुढच्या प्रकरणात आहे. अजून कुणी घरी नेलेलं नाही.

आणि या दोन तारखांच्या मध्ये तिसरी गोष्ट घडली. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, लंडनच्या नॉटिंग हिल भागात गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी कॅरिबियनमधून आलेल्या लोकांवर आणि त्यांच्या घरांवर हल्ले केले. ब्राउन कुटुंबाचं घर गोष्टीत याच भागात आहे. पॅडिंग्टन ज्या पोर्टोबेलो रोडवर ग्रूबरकाकांकडे कोको प्यायला जातो, तो तिथलाच रस्ता. एकाच वर्षी, एकाच वस्तीत, एका बेकायदा आलेल्या परदेशी प्राण्याला लाल अस्तराचा कोट मिळतो आणि कायदेशीर आलेल्या माणसांच्या खिडक्यांवर बाटल्या फुटतात. कायदेशीर म्हणजे अगदी कायदेशीर: त्या काळी वसाहतींतल्या आणि राष्ट्रकुलातल्या नागरिकांना ब्रिटनमध्ये यायला मोकळीक होती, आपल्यालाही. ती आवळली १९६२ च्या कायद्यानं. पुस्तकात दंगल नाही. लहान मुलांच्या पुस्तकात ती असायला हवी होती असं मी म्हणत नाही. बाँडनं त्याच्या परीनं उत्तर दिलंच आहे असं मला वाटतं. पण पुस्तक आज ज्या कौतुकानं, 'ब्रिटनचं मन किती मोठं' म्हणून वाचलं जातं, त्या वाचनाला मी तयार नाही. पॅडिंग्टन हा ब्रिटन कसा आहे याचं वर्णन नाही. १९५८ मध्ये तो कसा नव्हता याची ती नोंद आहे.

माझा डफल मी लीड्समधल्या एका चॅरिटी शॉपमधून १८ पौंडांना घेतला. गडद निळा, एक खुंटी बदललेली, कोपरांवर लोकर विरलेली. मापानं मोठा. पहिल्याच आठवड्यात बसमध्ये एक आजीबाई माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "पॅडिंग्टन!" त्यानंतर हे बऱ्याच वेळा झालं. प्रेमानंच झालं. काळ्या पफर जाकिटात मी सावळा, दाढीवाला, कानात इअरफोन घातलेला तरुण असतो, आणि माझ्या शेजारची सीट सगळ्यांत शेवटी भरते. डफलमध्ये मी अस्वल होतो. अस्वल होणं सोयीचं आहे. लोक बोलतात, रस्ता सांगतात. पण त्या सोयीला एक अट आहे. अस्वल नेहमी गोड वागतं. टोपी काढून नमस्कार करतं, मुरंब्याचं सँडविच खातं, घर चुकून पाण्यानं भरलं तर माफी मागतं. ते कधी घरभाड्याच्या अटींवरून भांडत नाही. मी भांडलो. इथे जामीन राहणारा कुणी नाही म्हणून एका घर देणाऱ्या एजन्सीनं माझ्याकडून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं, तेव्हा त्यांच्या ऑफिसात मी हाच कोट घालून बसलो होतो. तिथे मला कुणी पॅडिंग्टन म्हणालं नाही.

२०२४ मध्ये तिसऱ्या सिनेमासाठी ब्रिटनच्या गृहखात्यानं पॅडिंग्टनच्या नावाचा, त्याच्या फोटोसकट, एक नमुना पासपोर्ट बनवून दिला. बातमी गोड होती, सगळ्यांनी शेअर केली. मीही केली. त्याच वर्षी विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाकडून घेतला जाणारा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड झाला. आणि त्याच्या आदल्या वर्षापासून सत्ताधारी पक्षाची घोषणा होती: होड्या थांबवा. होड्या. पॅडिंग्टन आला कशातून?

आता फॅशनविषयी, कारण शेवटी तुम्ही हा कोट बघाल तो इन्स्टाग्रामवर. दर दोन-तीन वर्षांनी डफल 'परत येतो'. जपानमध्ये तो कधी गेलाच नाही, तिथे शाळकरी मुलामुलींच्या हिवाळी गणवेशावर तो इतका ठरलेला आहे की त्याच्याकडे बघून जपानी माणसाला युद्धनौका नाही, परीक्षेचे दिवस आठवत असतील. कोरियातही तो असाच शाळेच्या आठवणींचा कोट आहे. मला हा प्रवास आवडतो. तिथल्या पोरांना माँटगोमेरीशी काही घेणंदेणं नाही आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही. माझी तक्रार आहे ती दुकानांतल्या नव्या 'स्लिम फिट' डफलशी. त्याला आत झिप असते. कोट बंद होतो झिपनं, आणि बाहेरच्या खुंट्या नुसत्या शोभेला. फास इतके आखूड की हातमोजा घालून लावताच येत नाहीत. हूड एवढंसं, डोक्यावर घेतलं तर कान बाहेर. कापडात निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर. हे म्हणजे दाराला कुलूप रंगवून काढण्यासारखं आहे. दिसतं सगळं, चालत काहीच नाही. उलट, खुंट्या नसलेला साधा पफर मला जास्त सच्चा वाटतो, त्यानं निदान कुणाचं सोंग घेतलेलं नाही.

आणि यावर 'काय फरक पडतो, दिसायला छान आहे ना' असं कुणी म्हणालं तर माझं म्हणणं एवढंच: डफल दिसायला छान आहे तो त्याच्या ढगळपणामुळे. अंगाला घट्ट केला की तो खुंट्या लावलेला एक बेताचा ओव्हरकोट उरतो. जाँ कॉक्तोची पांढऱ्या डफलमधली छायाचित्रं बघा. त्या कवीइतका नटवा माणूस विसाव्या शतकात थोडाच झाला असेल, पण त्यालाही तो कोट स्वतःच्या मापाचा करून घ्यावासा वाटला नाही. बाह्या लांब, खांदे उतरलेले, आणि वर ते बारीक, हुशार तोंड.

ज्यांना घ्यायचाच आहे, म्हणजे जे थंड देशात शिकायला निघाले आहेत किंवा सिमल्यात नोकरीला, त्यांनी नवा घेऊ नये. नव्या चांगल्या डफलला काहीशे पौंड पडतात, आणि स्वस्तातला नवा बहुतेक वेळा वर सांगितलेला झिपवाला निघतो. जुना शोधा. हातात घेतल्यावर 'बापरे, जड आहे' असं वाटलं तर बरोबर आहे. आतली पट्टी वाचा, लोकर किती ते बघा. उजेडासमोर धरून कसरीची भोकं तपासा, काखेत आणि हूडाच्या शिवणीत विशेष. हातमोजे घालून सगळ्या खुंट्या एकदा लावून काढा, दुकानदार बघत असला तरी. एखादी खुंटी तुटलेली असेल तर हरकत नाही, दोरी आणि सुई मिळतेच. आणि आरशात बघून 'एक साइज लहान मिळेल का' असं विचारायचा मोह झाला, तर विचारू नका. आत स्वेटर येणार आहे, त्याच्या आत थर्मल, आणि फेब्रुवारीत कधीतरी एखादा मित्र टी-शर्टवर दार उघडून बाहेर येईल आणि म्हणेल, पाच मिनिटं दे रे, खालून दूध घेऊन येतो.